सिताराम पाट

गुंजन : थांबा नं बाबा, स्क्रीनले बोट नका लावू. पाहा, नकाशात आता एकही नाव उलटं नाही. पाट जसा वळते तशी अक्षरं वळतात.

तेजराम : सकाळी तं पाटावरचं आज्याचं नाव डोक्यावर उभं होतं.

गुंजन : हाव नं! नकाशा काढाच्या या लाटेक प्रोग्रामचं असंच आहे. रेष जिकडून सुरू केली तिकडूनच अक्षर चालते. आपला पाट तलावातून निघते अन् डावीकडे जाते. मी पाण्यासारखीच रेष ओढली, मंग नाव पायावर कसं राहीन? म्हणून रेषच उलटी ओढली, आपल्या धानाच्या बांदीकडून तलावाकडे.

तेजराम : झकास दिसते बाई. पण हा बाण काहून तलावाकडे तोंड करून आहे?

गुंजन : कुठी? अगं माय वं!

तेजराम : काय झालं?

गुंजन : रेषेसंग बाणही फिरला. पाणी तलावात चढून राहिलं!

तेजराम : म्हणजे पयली बांदी आपली, अन् यादोरावदादाची शेवटची?

गुंजन : नकाशात तं तसंच दिसते.

तेजराम : डुबवलं पोरी तू मले! यंदा पाणी सोडाचं काम गावानं माह्याकडे देलं. आज सभेत हा नकाशा लागला का लोकं म्हणतीन, तेजरामनं पोरीच्या हातून पाणी आपल्याकडे वळवलं. अन् दादा? याच पाण्यापायी सख्खे भाऊ असून बोलत नव्हतो आमी. आत्ता पोळ्याले कुठी घरी आला तो.

गुंजन : बाबा… छापाले पाठवला मी. मोहाडीले, कमलेशभाऊकडे.

तेजराम : लाव फोन! लाव लवकर!

गुंजन : (फोन स्पीकरवर टाकत) कमलेशभाऊ, नकाशा छापला का?

कमलेश : रागावू नका ताई. सकाळपासून लाईनच नाही. आली का पयला तुमचाच काढतो.

तेजराम : नको काढू गा! लाईन गेली तेच बरं झालं बापा!

कमलेश : काकाजी, असं आजवर कोणी म्हटलं नाही मले.

गुंजन : दुसरा पाठवून राहिली भाऊ, तोच छापा. ठेवते.

तेजराम : आता? बाण सरळ तं नाव उलटं, नाव सरळ तं बाण उलटा. खोडून टाक ते नाव.

गुंजन : आज्यानं खोदलेला पाट, अन् त्याचंच नाव खोडू? थांबा. होस्टेलवरच्या डिंपलनं सांगतलं होतं काही… हाव! रेष अन् बाण पाण्यासंगच जाऊ द्याचे. फक्त नावाले सांगाचं, तू त्याच रेषेवर दुसऱ्या टोकापासून चाल. पयले रेष जशी होती तशी करते… अन् इथं एक शब्द टाकते… घ्या. पाहा.

तेजराम : तलाव… दादाची बांदी… मंग वळण… मंग आपली. बाण खाली चालला. अन् नाव?

गुंजन : वाचा नं तुमीच.

तेजराम : सिताराम पाट. सरळ आहे वं! हुश्श.

गुंजन : मले तं रडूच येत होतं बाबा.

तेजराम : जाऊ दे, निभलं. पण सभेत मी नाही लावत हा. दादाच्या हातानं लागू दे.

गुंजन : मोठबाबा लावतीन?

तेजराम : कायले नाही? पयलं पाणी त्याच्याच बांदीत जाते.