आतमधी एवढं सांगजा

—अकरा वाजून वीस मिनिटं. सकाळचे, मावशी. घड्याळात पाह्यलं म्हणून सांगून राह्यली, अंदाजानं नाही. छकुली त्याच दिवशी तीन महिन्याची झाली होती, पाळण्यात झोपेल, माह्या हातात कणकीचा गोळा — अन् एकदम छातीत धडधड, धडधड, जशी जिनिंगची मशीनच कोणी आत बसवून देली. हातपाय गार. म्हटलं, गेली मी. वय वर्षं तेवीस, शिक्षण सातवी पास, गेली. तसाच कणकीचा हात घेऊन ओसरीत आली अन् शेजारच्या पुष्पाबाईले म्हटलं, माह्या पोरीले सांभाळजा वो, मी मरून राह्यली. तं तिनं काय म्हणावं? म्हणे, मर, पण पह्यले गॅस बंद कर, तवा जळून राह्यला!

हासल्या नं? हासा. अन् तो तोंडावरचा पदर काढा, उकाडा काय कमी हाय? इथी कोण ओळखते तुम्हाले? अन् ओळखलंच कोणी, तं तोही याच बाकड्यावर बसून हाय नं — तो कोणत्या तोंडानं सांगणार? मीबी पह्यले तसंच करो. गल्लीत सांगितलं, गुरुवारी शेगावले जातो दर्शनाले. दवाखान्यातली ही मनाच्या आजाराची खोली गुरुवारीच उघडते, म्हटलं बरं जमलं. कुठचं जमते! बाया नारळ देऊन राह्यल्या हातात — माह्या नावानं वाहून ये म्हणे. सहा नारळ पडले घरी, मावशी. महाराजाच्या नावानं खोटं बोलली तं महाराजानं असं पकडलं. आता एक दिवस खरंच जा लागते, पोतं घेऊन.

अवो, उठता काऊन? बसा. चवदा नंबर तुमचा, पंधरा माह्या, तेरावा आत गेला आताच. शॉक? कोण म्हणते शॉक देतात? आत एक टेबल हाय, दोन खुर्च्या हायेत, पाण्याचा तांब्या हाय अन् सिंधूताई सिस्टर हाय. झालं. बोलते कमी, आयकते जास्त — माह्या अगदी उलट. माह्या छातीची ईसीजीची पट्टी पह्यलेच काढून झाली होती, त्यात काही नाही निघालं, तं मी अजून भेली — म्हटलं रोग असा कसा का मशीनलेबी नाही सापडत? सिंधूताईनं हात धरला नुसता. म्हणे, “तू मरत नाहीस गं, तू घाबरली आहेस. दोन्हीत फरक आहे.” मंग शिकवलं — बशीतला चहा कसा फुकतो आपण, हळूहळू, उडू नाही म्हणून? तसा श्वास सोडाचा. पाय जमिनीवर टेकवाचे अन् पाच गोष्टी पाहून नावं घ्याची. पह्यल्या दिवशी मी म्हटलं — पंखा, बंद, दुसरा पंखा, तोबी बंद, माशी, सिस्टरची चप्पल, अन् दारात झोपेल वॉचमन. ती एवढी हासली का तिलेच पाणी प्या लागलं.

कापसाचं सांगू का? नको, तुम्ही म्हणसान बाई खरीच येडी हाय. सांगतो. छकुली झोपली का मले वाटे, श्वास चालू हाय का नाही? मंग कापसाचं एक बोंडुक तिच्या नाकासमोर धरो. हाललं का हाय बा चालू. दहा मिनिटानं अजून. अजून. दीपक, म्हणजे आमचे हे, जिनिंगवरून आले अन् दुपारचे लवंडले, तं मीनं त्याहीच्याबी नाकाशी धरला — अन् ते जे शिंकले! पाळण्यातली पोरगी उठून रडाले लागली. म्हणे, अवं, दिवसभर कापूस, घरी आलो तं नाकात कापूस, जिवंतपणीच काऊन घालून राह्यली?

सिंधूताई नाही रागावली. तिनं कागद देला — जेवढ्या वेळा कापूस धरशीन तेवढ्या रेघा मार. पह्यल्या दिवशी सेहेचाळीस. मागच्या हप्त्यात नऊ. हाव, नऊ! अन् आज परीक्षा हाय माह्यी. पोरगी बापाजवळ ठेवून याचं, फोन नाही कराचा, पाह्याचं नाही. मोबाइल घरीच ठेवला मुद्दाम. तुमच्याजवळ हाय का मोबाइल? एकच मिनिट — नको. देऊ नका. मी मांगलं तरी देऊ नका.

काही नाही होत तिले. मले मालूम हाय. तशी ती माह्यी हायच कुठी — कागदावर माह्यी, बाकी पुष्पाबाईची. जलमली तशी सुपात घातली, उकिरड्यावर ठेवली, पुष्पाबाईनं पसाभर ज्वारी देऊन घेतली अन् मंग मले सांभाळाले देली. सासूनंच सांगितलं होतं, तसं केलं म्हणजे दुसरीले नजर —

काय?

असं काऊन पाह्यता, मावशी? करतात सगळे. …नाही, सगळे नाही करत. तुमच्याकडेबी हाय का हा रिवाज? मंग काऊन विचारता, तुम्हाले मालूमच हाय सूप कवा लागते ते — आधीचं लेकरू नाही वाचलं का.

हाव. होता. तीन महिन्याचा. पाळण्यातच. मी भाकरी टाकून राह्यली होती, म्हटलं झोपला हाय तं कामं उरकून घेऊ, किती गुणाचं लेकरू. …सासू म्हणते त्याचं नाव घ्याचं नाही, छकुलीवर सावली पडते. दोन वर्षं झाले, घरात कोणी घेतलं नाही. सिंधूताईनं विचारलं होतं, हे पहिलंच का? मी म्हटलं, हाव. तिनं लिहून घेतलं. तिची काय चूक? मीच हाव म्हटलं.

तुमचं काय? …मालक? किती दिवस झाले? …बरं. मले नका सांगू, माह्याजवळ कागद नाही. आत सांगा. रडा, तिथी चालते, कोणी चूप हो म्हणत नाही.

चवदा — उठा, तुमचा नंबर! जा वो. अन् मावशी, तुमचं सांगून झालं का माह्यं एक सांगजा. मी आत गेली का नुसते किस्से सांगतो, तिले हासवतो अन् गोळ्या घेऊन वापस येतो. सिंधूताईले म्हणा, बाहेर निशिगंधा बसेल हाय, नांदुऱ्याची. तिच्या कागदावर एक गोष्ट चुकीची लिहेल हाय. छकुली दुसरी हाय म्हणा. पह्यला ज्ञानेश्वर.

नाव बरोबर सांगजा. ज्ञानेश्वर. जा आता.