एकवीस दिवसांचा नियम

मंडळी, वहिनी आणि वेवजी गावाहून आलेल्या दादाच्या ताई,

मला असं उभं राहून बोलता येत नाही, म्हणून लिहून आणलंय. सांभाळून घ्या.

मंगळवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी मी वाडीत चिकू धूत होतो. तिसरी टोपली चालली होती. तेव्हा माझ्यासोबतच्या काशिनाथला फोन आला, की सुरेशदादाला चारोटीला हायवेवर गाडीने उडवलं, तो गेला. दादा प्यायलेला होता. हे मी मुद्दाम मोठ्याने वाचतोय. इथे प्रत्येक जण ते हळू आवाजात बोलतोय.

तीन वर्षं दादाने दारूला हात लावला नव्हता. मी दारू आणि गोळ्या दोन्ही घ्यायचो. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आलो तेव्हा मला कोणी कामाला ठेवत नव्हतं. माझी आई कपाटाची किल्ली कमरेला खोचून झोपायची. दादाने विचारलं, "झाडावर चढता येतं?" मी म्हणालो, "भीती वाटते." तो म्हणाला, "मग चांगलं. भिणारा पडत नाही."

दादा, मी, काशिनाथ आणि महेंद्र. चौघेही पिणारे, चौघांनीही सोडलेली. दादाने डहाणूजवळची एक चिकूची वाडी तोडणीला घेतली. म्हणाला, "आता आपला मुकादम आपणच. कोणाच्या दारात उभं राहायचं नाही." फळ तयार आहे का ते ओळखायलाही त्यानेच शिकवलं. नखाने जरासं खरवडायचं. आत हिरवं दिसलं तर राहू द्यायचं. "पण एका फळाला दोनदा नख लावू नको रे," म्हणायचा, "तिथूनच नासतं."

रोज चढण्याआधी एकमेकांच्या तोंडाचा वास घ्यायचा, हाही त्याचाच नियम. वही माझ्याकडे. मी आठवी नापास, पण अक्षर बरं. दादा माझ्यासमोर हाऽऽ करायचा आणि म्हणायचा, "लिही, सुक्या बोंबलाची चटणी. गुन्हा कबूल." रोज तोच विनोद. रोज आम्ही हसायचो.

वहीच्या पहिल्या पानावर एक नियम होता. जो पिईल, त्याने एकवीस दिवस वाडीत यायचं नाही. खाली चौघांच्या सह्या. पहिली दादाची.

मग ताईंकडे लग्न निघालं. आमच्या घरांत वारलेल्या माणसांच्या नावाने मांडवात जमिनीवर दारूची धार सोडतात. सोडणारा उरलेली ओठांना लावतो. मान मामाचा, म्हणजे दादाचा. दादाने वडिलांच्या नावाने धार सोडली आणि घोटभर घेतली. सगळ्यांसमोर त्याला नाही म्हणता आलं नाही. ताई, तुमचा काही दोष नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो सगळ्यांच्या आधी वाडीत हजर. मी वास घेतला. कसलाही वास नव्हता. मी वही उघडली, तेव्हा तोच म्हणाला, "थांब. काल घोटभर घेतली. तसं लिही."

मंडळी, त्याने सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं.

मी लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ बघून नीट लिहिलं. मग म्हणालो, "दादा, एकवीस दिवस."

"झाडावर नाही चढत. खाली बसून चिकू धुतो."

"नियम तूच केलास, दादा."

महेंद्र म्हणाला, "जाऊ दे ना यार, खरं बोलला तो." मी महेंद्रलाच गप्प केलं. दादा हसला. "बरोबर आहे तुझं," म्हणाला. आपली चिकू तोडायची जाळीची काठी माझ्या हातात दिली आणि गेला.

तीन वर्षं तो रोज सात वाजता वाडीत असायचा. आता सात वाजता त्याला जायला जागाच नव्हती. बुधवारी वहिनींचा फोन आला. "अरे, हे नुसते ओट्यावर बसून राहतात. बोलावून घ्या ना." मी काय बोललो? "वहिनी, अजून अठरा दिवस आहेत."

शुक्रवारपासून तो चारोटीच्या गुत्त्यावर जायला लागला. मंगळवार नववा दिवस होता.

गाडी तू चालवत नव्हतास, असं मला चार जणांनी सांगितलं. पण वही माझ्या हातात होती.

आणखी एक सांगायचंय. मंगळवारपासून मलाही प्यावंसं वाटतंय. काल मी गुत्त्यापर्यंत गेलो. आत ओळखीचं कोणी दिसलं, म्हणून परत फिरलो. हिंमत होती म्हणून नाही. तिथून काशिनाथकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "जेवलास का?"

दादाला मी हे विचारलं नव्हतं.

आज सकाळी आम्ही तिघांनी तो नियम खोडला. दादाची सही तशीच ठेवली. तिच्या वर नवीन लिहिलं. जो पिईल, त्याने झाडावर चढायचं नाही. पण वाडीत यायचंच. खाली बसून चिकू धुवायचे.

ताई, दिवसकार्याच्या वेळी दादाच्या नावाने धार सोडाल. हात जोडून सांगतो, पाण्याची सोडा.

आणि काशिनाथ, उद्या सात वाजता मी वाडीत दिसलो नाही, तर वही उघडू नको. मला घ्यायला ये.

आता सगळे दोन मिनिटं उभे राहू या. कोणी कुजबुजू नका.

दादा, तुझी काठी तुझ्याच झाडाला टेकवून ठेवली आहे. रामराम.