एक्केचाळीस गुरुवार

...नाही, आधी तो कागद जमिनीवरून उचला, जावईबापू, आणि चहा घ्या, गार होतोय. हं. तर तुमचं म्हणणं असं, की आमच्या लॉटरी कचेरीतल्या सोडतीच्या यंत्रातून दर गुरुवारी नव्वदांतला जो एक चेंडू बाहेर पडायचा, तो वाटेल तसा पडत नव्हता, त्यात काही रचना होती — आणि ती तुम्हाला त्या, काय म्हणालात, केऑस थिअरीने दिसली. बरं झालं बाई! सव्वीस वर्षं मी त्या यंत्रापासून दोन हातांवर बसून आकडे नोंदवहीत उतरवले, मॅट्रिकला गणितात पहिली आले होते, तरी आमची पाटी कोरीच. मला समजलं ते सांगते, चुकलं तर तुम्ही शिक्षक आहात, कान धरा — नियम पक्के असतात, पण सुरुवातीला केसभर फरक पडला की शेवटी कोसभर पडतो. असंच ना? मग आमचे ते यंत्रवाले, यंत्र चालवणारे गृहस्थ, प्रत्येक चेंडू पुसून तोलायचे, त्यांच्या बोटांचा घाम एखाद्यावर राहायचाच. तो तुम्ही आलेखात कुठे मांडलात? हसू नका, मी गंभीर आहे. थोडीशी.

आणि एवढ्यावर, पूर्णवेळ याच्याच मागे लागायचं म्हणून, उद्या शाळेत राजीनामा देणार! भाची सकाळी फोनवर रडत होती — तिने चहाडी केली नाही, मीच खोदून विचारलं. अहो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून काय कावळ्याला सुतार म्हणायचं? योगायोग नव्हे? बरं, दाखवा. माझ्या जुन्या वह्यांतून उतरवलेले हे हिरवे ठिपके ना? सुबक आहेत हो. बाकीच्या वर्षांत आकृती पुसट, पण इथे अगदी स्वच्छ — शून्याने संपणारा आकडा एकही नाही, आणि सत्तावीस मात्र दर पाच-सहा आठवड्यांनी फिरून हजर. कोणतं वर्ष म्हणालात हे?

...खिडकी जरा लोटा. वारा येतो.

ते यंत्र नव्हे, जावईबापू. ती मी आहे. त्या वर्षी माझं कोपर लागून दौत लवंडली आणि एक्केचाळीस गुरुवार शाईत बुडाले. बक्षिसं केव्हाच वाटून झाली होती, कुणाचं काही नुकसान नव्हतं. साहेबांना सांगायचं, एवढंच होतं. पण जिच्या वहीत खाडाखोड नसते म्हणून ती नव्या लोकांना दाखवायला नेत, तिने सांगावं कसं? मी नवी पानं घेतली आणि मनाने आकडे भरले — जमतील तितके अस्ताव्यस्त. शून्याचे आकडे फार नीटनेटके वाटले, खोटे दिसतील म्हणून गाळले. माणसाला धड गोंधळही घालता येत नाही, बघा! सत्तावीस? ते — यंत्रवाल्यांचा बिल्ला होता सत्तावीस नंबरचा. कोटावर, डाव्या बाजूला. समोर बसलं की दिसायचा, म्हणून आला असेल हाताला. दिसायचा, इतकंच. पुढे त्यांची बदली झाली. निरोप द्यायला सगळे गेले होते, मला वही पुरी करायची होती.

असं बघू नका माझ्याकडे. खिशातला तो राजीनामा फाडा — इथे, माझ्यासमोर. हं. आता घरी जा, आणि भाचीला सांगा, मावशीने नोकरीत एक चूक केली होती. चूक सांगा, बिल्ल्याचं नको. निघा.