शनिवारचा पंखा

जेरुसलेममध्ये बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेरच्या खोलीत शनिवारी दुपारी आम्ही तिघंच. काळ्या कोटातले धार्मिक ज्यू झाल्मन, शेजारी पॅलेस्टिनी अबू रासेम आणि मी. दोघांच्याही सुना आत.

"काय उकडतंय हो, अबू रासेम!"

"मग पंखा लावा. बटण तुमच्या डोक्याशीच आहे."

"आज शब्बाथ, आमचा विश्रांतीचा वार. आम्ही बटणाला हात लावत नाही. दुसऱ्याला लाव असंही सांगत नाही."

"मग मी काय करू?"

"मी कुठं काय म्हटलं? मी आपलं हवेबद्दल बोलतोय."

"आठवडाभर तपासणी नाक्यावर तुमची बंदूकवाली पोरं हुकूम सोडतात. थांब, मागे हो, शर्ट वर कर! आज मी हुकमाची वाट बघतोय, तर तुम्ही हवेवर बोलताय."

"घाम तुम्हालाही येतोय की."

"येऊ दे."

"बरं, येऊ दे."

"…घ्या, लावला! बसा आता गार."

"कुणासाठी लावलात?"

"तुमच्यासाठी, दुसऱ्या कुणासाठी?"

"अरे देवा! मग हा वारा मला चालत नाही. स्वतःसाठी लावला असता तर चालला असता. मी बाहेर उभा राहतो."

"अहो, जन्मात पहिल्यांदा तुमच्यातल्या कुणासाठी मनापासून काही केलं, तेही नको? या आत. माझ्यासाठीच लावला, झालं?"

"आता काय उपयोग? खरं काय ते मला कळलंय."