चालता चालता बोलायची चाचणी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले डॉक्टर, फिजिओथेरपी विभागातले कर्मचारी, इथे उपचार घेऊन गेलेले पेशंट आणि त्यांना हाताला धरून आणणारे नातेवाईक, आणि आज ज्या निवृत्त होत आहेत त्या आपल्या मॅडम, सगळ्यांना माझा नमस्कार.

नातेवाइकांपैकी कुणीतरी बोलावं असं ठरलं आणि माझं नाव पुढे आलं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं जे काही ते वाचनालयातून आणून वाचलेलं. मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरचा स्नायूंचा तक्ता मात्र मी पाठ केलाय. कुणी विचारणार असेल तर पोटरीपासून सुरू करते.

आमच्या ह्यांचं सलून होतं. कात्री आणि तोंड एकदमच चालायचं. गिऱ्हाईक उठून गेलं तरी ह्यांची गोष्ट संपलेली नसायची. मग अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं तेवढं शाबूत राहिलं.

पहिल्या दिवशी मॅडमनी तपासलं तेव्हा मी कोपऱ्यात उभी होते. गुडघ्यावर हातोडी मारून झाली. मग ह्यांना डोळे मिटायला लावले, पायाचा अंगठा चिमटीत धरून हलवला आणि विचारलं, "आता वर आहे की खाली?"

हे म्हणाले, "तुम्ही धरलाय, तुम्हालाच ठाऊक."

मॅडम हसल्या नाहीत. "वर की खाली?" पुन्हा तेच. मी मनात म्हटलं, ही बाई ह्यांना पुरून उरणार.

पुढे हे काठीने चालू लागले, मग काठीशिवाय. आणि एकच घोशा लावला, की सलूनमध्ये जायचं, आणि तेही एकट्याने. सलून माझे धाकटे दीर चालवत होते, आमच्या घरापासून दोन वळणांवर. मी म्हटलं, "मी येते ना सोबत."

"बायकोचा हात धरून मी माझ्या दुकानात शिरणार? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

मॅडम म्हणाल्या, "चाचणी देऊन दाखवा, मग बघू."

चाचणी तशी साधी. खुर्चीतून उठायचं, जमिनीवरच्या पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मॅडमच्या हातात घड्याळ. ह्यांनी घरी स्वयंपाकघरात खुर्ची मांडून सराव केला. मी कणीक मळत असायची आणि हे माझ्या मागून ये-जा करायचे. चाचणीच्या दिवशी असे उठले आणि असे येऊन बसले, की मला वाटलं, झालं, आता उद्यापासून दुकान.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता परत एकदा."

हे निघाले. निम्म्यावर मॅडमनी सहज विचारलं, "काका, तुमचं पहिलं गिऱ्हाईक कोण होतं?"

हे थांबले. भिंतीला हात लावून सगळी हकीकत सांगितली, आणि मगच पाय उचलला. मॅडमनी पुन्हा चालायला लावलं, पुन्हा काहीतरी विचारलं. पुन्हा थांबले.

"ही फसवणूक आहे!" हे चिडले. "आयुष्यभर वस्तरा चालवताना बोलत आलोय, कुणाचा कान कापला नाही."

"तेव्हा हाताला सांगावं लागत नव्हतं, काका. आता पायाला दर पावलाला सांगावं लागतं. बोलण्यात लक्ष गेलं की पाय अडतो. आणि थांबला नाहीत तर पडाल. रस्त्यावर माणसं काय शिट्टी वाजवून बोलायला येतात?"

तिसऱ्यांदा हे तोंड मिटून चालले. मॅडम विचारत राहिल्या, हे हूं नाही की चूं नाही. येऊन बसले आणि ऐटीत म्हणाले, "थांबलो नाही."

"बोललाही नाहीत. तुमच्या रस्त्यावर सगळे ओळखीचे. किती जणांना असं टाळणार?"

मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एकट्याने पाठवू नका. मी पाठवलं नाही. त्या दिवसापासून ह्यांच्या तोंडी मॅडमचं नाव 'हातोडीवाली' असं झालं. आज हे सांगायला हरकत नसावी, कारण मॅडमना ते ठाऊक होतं.

हे सलूनमध्ये पुन्हा कधी गेले नाहीत. एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या हृदय बंद पडलं.

विभागाची काठी परत करायला आले तेव्हा मी मॅडमना विचारलं, एकदा जाऊ द्यायला हवं होतं का? मॅडमनी काठी उलटी करून खालचं रबर तपासलं. म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. माणूस पडेल का, एवढंच चाचणी सांगते." दुसरं कुणी असतं तर माझं समाधान होईल असं काहीतरी बोललं असतं. मी तेव्हा रडले नाही, अजूनही रडलेले नाही. लोक म्हणतात, रडू येईल कधीतरी. मी वाट बघत नाही.

एक गोष्ट मात्र सांगते. लग्नापासून हे माझ्यापुढे चालायचे आणि पुढे बघूनच बोलायचे. निम्मं मला ऐकूच यायचं नाही. झटक्यानंतर आम्ही संध्याकाळी फिरायला जायचो, तेव्हा काही सांगायचं असलं की ह्यांना थांबावंच लागायचं. थांबायचे, माझ्याकडे वळायचे, सांगायचे, मग चालायचे. कुणाची चप्पल, कुणाचे वाईट कापलेले केस, काहीही. आम्ही पहिल्या वळणापर्यंत जायचो. तिथून सलून दिसतं. एकदा तिथे थांबले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "अगं, चल परत. आज दुकान बंद दिसतंय."

आतले दिवे चालू होते. दीर कुणाची तरी दाढी करत होते.

मी म्हटलं, "हो, बंदच आहे."

मॅडम, मी तुमचे आभार मानते. ह्यांचा तुमच्यावरचा राग मी त्यातून वजा केलेला नाही, तो ह्यांचा होता. आपण सगळ्यांनी माझं ऐकून घेतलंत. अशा कार्यक्रमात बोलू नये असं काही बोलले असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मॅडम, आपली तब्येत सांभाळा. नमस्कार.