सतराचा पाढा

— शूर वगैरे काही म्हणू नका मॅडम, पेपरवाल्यांनी लिहिलं तेवढं बास झालं. आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय — इकडं पडवीत, सतरंजीवर बसा, इथंच पोरं बसायची. अकरा पोरं. तुमच्या संस्थेच्या साहेबांनी मोबाईलवर फोटो फिरवला ना, 'अब्राहाम गुरुजींची घरची शाळा' म्हणून — हां, तीच ही. आता कोणी येत नाही. बारा दिवस झाले, एकही पोर आलं नाही, आणि आज तुम्ही पेटी घेऊन आलात! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच बघा. चहा ठेवतो म्हणलं असतं, पण सून देवळालीला औषधं आणायला गेलीय, मुलगा कारखान्यावर, पहिली पाळी. घरात मी आणि नात, दोघंच. ती आतल्या खोलीत आहे. झोपलीय. हळू बोलू आपण.

बघू तरी काय काय आणलंय. शब्दपट्ट्या, आकड्यांची कार्डं, रंगखडू — छान आहे की. आणि हे पुस्तक कसलं? 'अनिश्चित काळात घरी शिकताना शांत कसे राहावे.' अरे वा! 'डोळे मिटा, चार आकडे मोजत श्वास आत घ्या, चार आकडे मोजत बाहेर सोडा.' मॅडम, तुम्ही पुण्याच्या का? वाटलंच मला. राग मानू नका हं, पण इथं डोळे मिटायचे कुणी? तो समोर ऊस दिसतोय ना, तो अंगणापासून पंधरा पावलांवर आहे, मोजलीत मी. पोळ्याच्या आधी त्यातनं बिबट्या निघाला आणि शेजारच्या मच्छिंद्रचं वासरू घेऊन गेला. मग त्याचं कुत्रं. आणि मग कालव्याच्या चारीच्या पलीकडच्या वस्तीवरचं चार वर्षांचं लेकरू, आईच्या हातातनं — आई भांडी घासत होती, तिच्या हातात पोराचा नुसता सदरा राहिला. तो सदरा मी पाहिलाय. शाळा इथनं दोन किलोमीटर, सगळी वाट उसातनं. मच्छिंद्र आला माझ्याकडं, म्हणला, "गुर्जी, पोरं शाळंत धाडायची न्हाईत आमी आता. तुमीच काय शिकवायचं ते शिकवा. तुमच्या हातात दिली." हातात दिली, म्हणला. मी म्हणलं, द्या. एकोणचाळीस वर्षं शाळेत तेच केलंय.

ते खुंट्यांवरचं बघताय होय? गळ्यातले पट्टे आहेत ते. पत्र्याचे, वेल्डिंगवाल्याकडनं खिळे मारून घेतले, टोकं बाहेर. बिबट्या मान धरतो ना, म्हणून. पोरं ते घालून यायची, बारक्या बारक्या पोरी, गळ्यात खिळ्यांचा पट्टा आणि पाठीवर दप्तर. पण लिहायला मान खाली घातली की पट्टा हनुवटीला टोचायचा, पोरं चुळबुळ करायची. मग मी नियम केला — वर्गात शिरलं की पट्टा खुंटीवर. माझाच नियम. शिस्त लागते हो! पानं सळसळली की अकराच्या अकरा दचकायची, एक रडलं की सगळी रडायची. तुमच्या पुस्तकात लिहिलंय, लेकरांना जवळ घ्या, भीतीबद्दल बोलू द्या. मी बोलू नाही दिलं. मी निरगुडीची छडी आपटायचो फळ्यावर, की गप्प. टाचणी पडली तरी ऐकू यायची. आई-बाप म्हणायचे, घरी थरथर कापतात, गुरुजींकडं कशी शांत बसतात! मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

फळा पुसला नाही मी, बरोबर. वनखात्याचा तरणा गार्ड येऊन सांगून गेला होता, ते मी लिहून काढलं. माझंच अक्षर आहे. 'एकटे जाऊ नये. मोठ्याने बोलत चालावे. वाकू नये, उकिडवे बसू नये — वाकलेले माणूस बिबट्यास शेळी-वासरासारखे दिसते.' दहा वेळा लिहून घेतलं प्रत्येकाकडनं. ज्यानं नऊ वेळा लिहिलं त्याला छडी.

त्या दिवसाचं? सांगितलंय की सगळ्यांना, पेपरात आलंय. संध्याकाळी साडेपाच-पावणेसहा. बाकीची पोरं गेली होती. आराधना, माझी नात, नऊ वर्षांची, शेळी आणायला अंगणात गेली आणि त्यानं झडप घातली. मी छडी घेऊनच धावलो, दुसरं काही हाताला लागलं नाही. तिची मान त्याच्या तोंडात होती मॅडम. तो तिला उसाकडं ओढत होता, तिच्या टाचा मातीत रेघा काढत होत्या. मी त्याच्या तोंडावर छडी मारली, मोडली, मग हातातला तुकडा त्याच्या डोळ्यात खुपसला, तिचा पाय धरून ओढलं. तो तिकडनं ओढतोय, मी इकडनं. मच्छिंद्र कोयता घेऊन बोंबलत आला तेव्हा सोडलं त्यानं. अठ्ठावीस टाके. मानेला, खांद्याला. डॉक्टर म्हणाले, नस थोडक्यात वाचली. सुनेनं माझे हात धरून डोळ्यांना लावले. पाळकसाहेबांनी चर्चमध्ये उपकारस्तुतीची प्रार्थना घेतली, ग्रामपंचायतीनं शाल-नारळ दिला. मी उभा राहून घेतला. घेतला मी तो नारळ!

मग चौथ्या दिवशी पिंजऱ्यात एक सापडला. तुम्हाला ते कुणी सांगितलं नसेल, आणि हे लिहून घेऊ नका. वनखात्याची गाडी यायच्या आत दोनशे माणूस जमलं. पहारी, टिकाव, ऊसतोडीचे कोयते. कुणी तरी उसाचं वाळलेलं पाचट पेटवून आत फेकलं. गार्ड मधे पडला, तोच तरणा, म्हणला, "गुरुजी, तुम्ही तरी सांगा यांना, मुकं जनावर आहे." मुकं! त्याला कॉलर धरून खाली पाडला, डोक्यात दगड घातला, रक्तानं त्याचा खाकी शर्ट काळा झाला, आणि मी — विद्यार्थी होता हो तो माझा, चौथीला होता — मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी गजातनं पहार घातली. एकदा नाही. जबड्यावर, डोळ्यावर, बरगड्यांत. तो गुरगुरायचा थांबला तरी मी थांबलो नाही. लोकं म्हणत होती, मारा गुरुजी, तुमचा हक्क आहे. मादी निघाली ती. अंगावर दूध होतं तिच्या. आणि दोन्ही डोळे — म्हणजे मी फोडायच्या आधी — दोन्ही डोळे धड होते. मी छडी खुपसली होती तो हा नव्हताच. कळलं मला तेव्हाच. तरी मारत राहिलो. नंतर मच्छिंद्र म्हणतो कसा, "गुर्जी, तुमी मारताना सारखं वरडत हुता — म्हण पुढं! म्हण पुढं! — कुनाला म्हनत हुता वो?"

काय? म्हणजे काय, पाढा. पाढा म्हण पुढं असं — म्हणजे तसं नाही. ती शेळी आणायला — तुम्ही दावणीकडं काय बघताय? मोकळी आहे, दिसतंय मला. शेळी आम्ही पोळ्यालाच विकली, बिबट्याच्या भीतीनं. हो. विकली. बारा दिवसांत कुणी विचारलं नाही बघा. शाल अंगावर घालताना दोनशे माणूस होतं, एकाच्याही डोक्यात आलं नाही, की अब्राहाम गुरुजींकडं शेळी आहेच कुठं! सुनेच्या, मुलाच्यासुद्धा नाही, त्यांचं सगळं ध्यान पोरीच्या टाक्यांत.

बसा. उठू नका. आता अर्ध्यात उठू नका. सतराचा पाढा चालला होता. बाकीच्यांना सोडलं, तिला ठेवून घेतलं — मास्तरची नात, तिला पाढा येत नाही म्हणजे माझं नाक कापल्यासारखं. सतरा पंचे पंच्याऐंशी म्हणली आणि अडली. माझ्याकडं बघेना. उसाकडं बघायची. मी म्हणलं, तिकडं काय लिहिलंय का? तर म्हणते, "आजोबा, तिकडं हलतंय." एवढंच म्हणली. मला वाटलं, बहाणा. एकोणचाळीस वर्षं बहाणेच ऐकले मी, पोट दुखतं, आजी मेली, तिकडं हलतंय. डोकं फिरलं माझं. म्हणलं, हलतंय काय? जा मग अंगणात, अंगठे धर, आणि तिथं उभी राहून पहिल्यापासून म्हण. पट्टा खुंटीवर. आमच्या वेळी तासतास धरायचो अंगठे, आमचं काय वाकडं झालं? गेली बिचारी. एका शब्दानं उलटून बोलली नाही. वाकली. मी आत वह्या तपासत बसलो. काय तपासत होतो माहिताय? तेच. दहा वेळा. वाकू नये, वाकू नये, वाकू नये. लाल पेनानं बरोबरची खूण करत होतो हो मी! बाहेरनं तिचा आवाज येत होता, सतरा सक आलं, सतरा साते आलं, बरोबर म्हणत होती सगळं, सतरा आठे, आणि सतरा नव्वेला आवाज थांबला. आणि मी — मी काय केलं असेल? धावलो नाही. मी आतनं ओरडलो, "का थांबलीस? म्हण पुढं!" दोनदा. दुसऱ्यांदा ओरडताना छडीसुद्धा आपटली. तेवढा वेळ ती त्याच्या तोंडात होती.

तेव्हापासून बोलली नाही ती. गळ्याला काही नाही, डॉक्टर म्हणतात, धक्का आहे, वेळ द्या. सून रात्रंदिवस म्हणते, माझ्या लेकराचा एक शब्द ऐकू दे देवा. मीपण तीच प्रार्थना करतो आणि आमेन म्हणायच्या आत उठतो, कारण ती बोलली की पहिलं काय बोलेल? तिच्या बापाला माहीत नाही. जेम्सला कळलं तर तो मला या घरात ठेवायचा नाही, आणि बरोबरच आहे, ठेवू नये. पण तिला बघितल्याशिवाय मी जगू कसा? सांगा ना. तुमच्या त्या पुस्तकात बघा, दिलंय का कुठं?

हे काय काढलं? तोंडांची कार्डं? हसरं, रडकं, घाबरलेलं — बोलता येत नसेल तर बोट ठेवायचं? तिला दाखवणार? नाही. नको मॅडम. आज नको. अहो, झोपलीय म्हणलं ना — कुठं निघालात? तुम्हाला सांगितलेलं कळत नाही का? थांबा! तिथंच थांबा! एक पाऊल पुढं टाकलं तर — उभं राहायचं म्हणलं ना!

...

आराधना? अगं, तू कशाला उठलीस बाळा? तुला नाही ओरडलो. या बाईंना ओरडलो मी, तुला नाही. अगं — नको. नको बाळा, असं नको करू, टाके उसवतील. कोणी सांगितलं नाही तुला. सोड. अंगठे सोड. आजोबा पाया पडतो तुझ्या, सरळ उभी राहा. आराधना. सरळ हो गं. — मॅडम, बघत काय राहिलात, जा. ती पेटी उचला आणि जा. जाताना चारीवर सून भेटेल, तिला म्हणावं लवकर ये. आणि म्हणावं, शेळी नव्हती. तुम्हीच सांगा, माझ्यानं होणार नाही. जा.