चिकटवलेला स्वेटर

दाताच्या दवाखान्यात शिवणकामवाल्या काकू सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. पण समोरच्या दोघी बहिणींची अशी काही जुंपली, की काकू दाढेचा ठणका विसरल्या.

“डिंक लावलास? आईच्या स्वेटरला?”

“फळीवर बसवायचा होता, ताई. माझ्या प्रदर्शनात काय दोरीवर वाळत घालू?”

“अगं, आईनं जन्मात कधी लोकर वाया घालवली? दादाचा आखूड झाला की उसवून माझा, माझा उसवून तुझा. आता माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. त्या लोकरीत बाळाचा झाला असता!”

“म्हणजे तू उसवणार होतीस? तिच्या हातचा शेवटचा?”

“मग! तीच म्हणाली असती, उसव.”

“लोक त्याच्यासमोर उभे राहून रडतात, माहितेय?”

“रडतील नाहीतर काय! त्यांचं काय जातंय? थंडी माझ्या नातवाला वाजणार आहे.”

“लोकर दुकानात ढिगानं मिळते.”

“दुकानातली? अक्कल कुठे गहाण टाकलीस गं?”

“ताई, तुला तिनं शेजारी बसवून विणायला शिकवलं. मी सुया हातात घेतल्या की म्हणायची, ‘तुझा हात कच्चा, तू आपली उसव.’ दादाचा उसवला, तुझा उसवला, माझा अंगातला काढून उसवला. तिनं विणलेलं सगळं मीच उसवलंय, ताई. हा नाही उसवू देणार.”

“पुढचं कोण आहे?” आतून हाक आली. मग पुन्हा आली.

नंबर काकूंचा होता. त्या उठल्या नाहीत.